गार असताना मी शहाणा

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. जन्मात कधी थाप मारली नाही. आता एकदा नव्या स्पार्क प्लगला सांगितलं होतं, की टाकीत पेट्रोलचा टिपूस नसताना मी नुसत्या वासावर गाडी घाट चढवून नेली. त्याने ते खरं मानलं, यात माझा काय दोष? एरवी मी खरंच बोलतो. बहुतेक वेळा.

मी इंजेक्टर बोलतोय. मोटारीच्या इंजिनातला, तिसऱ्या सिलिंडरचा. बोटाएवढा जीव. पाठीवर विजेची जोडणी, पोटात सुई आणि तोंडाला केसासारखी बारीक भोकं. गाडीच्या मेंदूकडून हुकूम आला की सुई उचलायची, पेट्रोलचा धुक्यासारखा फवारा मारायचा आणि हुकूम थांबला की गुमान तोंड मिटायचं. मिटल्यावर थेंब गळता कामा नये. आमच्या धंद्यात थेंबाएवढी नाचक्की दुसरी नाही.

तरुणपणी माझा फवारा असा देखणा होता, की कारखान्यातल्या तपासणीच्या यंत्राने मान डोलावली होती. यंत्राला मान नव्हती, पण ते सोडा.

पुढे सुई झिजली. इंजिन गार असेपर्यंत सगळं झकास. तापलं की तोंड नीट मिटेना, थेंब थेंब गळायला लागलो. कोणाला सांगणार? शेजारचे तिघे नाक मुरडायचे.

आमची मालकीण दवाखान्यात रक्त तपासायची. पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकली. नवरा म्हणाला, "आता या वयात?" ती म्हणाली, "मग कोणाच्या वयात? तुमच्या?" सुरुवातीला स्टिअरिंग असं घट्ट धरायची, जसं काही सोडलं तर पळून जाईल. मग हात सैल झाले. गाणं गुणगुणत चालवू लागली. नेमका तेव्हाच माझा रोग बळावला. परतताना सिग्नलला गाडी थरथरायची आणि बंद पडायची.

तिचा मुलगा कॉलेजात मोटारींचंच शिकत होता. नुकतंच त्यांना फ्युएल इंजेक्शन शिकवलेलं. नवं ज्ञान नव्या बुटांसारखं असतं. चार जणांसमोर मिरवल्याशिवाय पायाला चैन पडत नाही.

"आई, सकाळी बंद पडते?"

"नाही रे. सकाळी गुणी बाळासारखी जाते. येताना गर्दीत रांगत आली, चांगली तापली, की मग नखरे."

"हं हं," तो म्हणाला. न ऐकता 'हं हं' म्हणायची कला माणसांना उपजतच येते.

त्याने आम्हा चौघांना काढून कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं. तिथे आम्हाला एका ओळीत टांगलं, प्रत्येकाखाली काचेची नळी. आधी गळतीची चाचणी: मागून दाब द्यायचा, पण तोंड उघडायचा हुकूम द्यायचा नाही. ज्याचा थेंब पडला तो बाद. पोरगा नाक नळीला लावून बसला. मी श्वास रोखून धरला. तपासणीचं तेल गार, मीही गार. थेंब पडला नाही. मग फवारा मारला, तर माझी नळी शेजाऱ्यांइतकीच भरली. शाळा तपासायला साहेब आल्यावर वर्गातलं द्वाड पोर हाताची घडी घालून बसतं ना, तसा मी.

घरी आल्यावर त्याने जाहीर केलं, "चारही इंजेक्टर नॉर्मल."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडीत काही नाही, आई. तू थांबताना क्लच नीट दाबत नाहीस."

"मी पहिल्या दिवसापासून काय सांगतोय!" नवरा पेपरातून बोलला.

नवऱ्याशी ती भांडली असती. पण आयुष्यभर पेशंटना तिने एकच सांगितलं होतं, रिपोर्टशी वाद घालू नका. "असेल," ती म्हणाली. "सुधारते."

रोज मोकळ्या मैदानात जाऊन ती सराव करायची. "आधी दाब, मग थांब," असं स्वतःलाच बजावायची. गाडी बंद पडली की डॅशबोर्डवर हात फिरवून म्हणायची, "चुकलं गं बाई माझं." बॉनेटखाली सगळं ऐकू येतं. लाज वाटत असेल तर जरा जास्तच.

मग भर चौकात घात झाला. मी सिलिंडर इतका भिजवून ठेवला होता, की किल्ली फिरवून फिरवून गाडी सुरू होईना. मागे बसचा भोंगा. एक स्कूटरवाला ओरडला, "काकू, जमत नसेल तर घरी बसा की!" दोघांनी ढकलून गाडी कडेला लावली. घरी येऊन तिने किल्ली खिळ्याला अडकवली. "उद्यापासून तुम्हीच चालवा," एवढंच म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात वर्गात सर म्हणाले, "गार इंजेक्टर देवमाणूस असतो. खरे गुण बघायचे तर तापवून बघा." पोराचं पेन थबकलं. त्याने मला पुन्हा लॅबमध्ये नेलं, सरांच्या देखत तापवलं, दाब दिला. लगेच थेंब पडला. मग दुसरा. त्याचे कान लाल झाले. माझे कुठे आहेत ते मला ठाऊक नाही, पण तेही झाले असणार.

माझ्या जागी नवा इंजेक्टर बसला. गाडी झोपलेल्या मांजरासारखी घुरघुरू लागली. मला मुठीत घेऊन तो स्वयंपाकघरात गेला. म्हणाला, "आई, दोष गाडीतच होता. तू बरोबर सांगत होतीस, मीच ऐकलं नाही." तिने हात पुसले, रक्ताच्या नळीसारखं मला उजेडात धरलं आणि खदखदून हसली. "हाच का तो नॉर्मल?" मग किल्ली उचलली आणि गेली की भुर्रकन!

थांबा. शपथ घेऊन बसलोय, तेव्हा सांगायला हवं. स्वयंपाकघरातलं मी रचलं.

तो दारापर्यंत गेला, एवढं खरं. मूठ घामाने ओली झाली होती. ती डबा भरत होती. "काय रे?" तिने विचारलं.

"काही नाही. गाडी जरा साफ केली."

"मग बाबांना सांग. तेच चालवतात ना."

तो परत फिरला. आता मी त्याच्या टेबलावर पेनांच्या डब्यात असतो. या विषयात तो वर्गात पहिला आला. ती रोज बसने जाते, आणि कोणी विचारलंच तर हसून म्हणते, "मला नाही बाई जमलं ते."

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर मला उचला आणि ती समोर असताना त्याला विचारा, हे काय आहे म्हणून. मीच सांगितलं असतं तिला. पण मला बोलता येतं, ही यातली दुसरी थाप.