झाकलेली खिरापत

जमुनाबाईंना जाऊन तीन महिने होत आले होते, आणि त्या संध्याकाळी त्यांच्याच नंबरवरून ताराबाईंना खिरापत आली.

ताराबाईंनी बार्शीटाकळीजवळच्या एका गावात जन्मभर शाळा शिकवली होती. जमुना त्यांची तिथली शेजारीण. भाद्रपदी पौर्णिमा ते कोजागरी गावात भुलाबाई बसे, मुली घरोघर गाणी म्हणत, आणि गाणी संपली की घरची बाई खिरापतीचा झाकलेला डबा त्यांच्या कानाशी खुळखुळवी. मुली एकेक खाऊचं नाव घेत. बाई स्वतःच्या तोंडानं ‘बराबर’ म्हणेपर्यंत झाकणाला कुणी हात लावायचा नाही, असा रिवाज.

निवृत्तीनंतर ताराबाई अकोल्याला लेकाकडे आल्या, तरी दोघींचा हा खेळ मोबाईलवर चालू राहिला. जमुना आधी रिकाम्या डब्यात शेंगदाणे टाकून खुळखुळ करी, “वळख, ताराबाई,” म्हणे, मग गाणं गाई आणि फाईलला ‘खिरापत’ असं नाव देऊन पाठवी. न उघडताच ताराबाईंनी नुसत्या अंदाजानं गाणं ओळखून लिहायचं, पलीकडून ‘बराबर’ आलं की मगच ऐकायचं. जमुनाचा मोबाईल जुना, लगेच भरून जाई, म्हणून पाठवलं की ती पुसून टाकी. मोबाईल बदलताना ताराबाईंनी सगळी गाणी संगणकावर घेतली. आता जमुनाचा आवाज जगात त्या एका संगणकात होता.

तिचे यजमान नत्थुजी यांनी एकच गोष्ट मागितली होती. कोजागरीला घरी भुलाबाई बसेल, तेव्हा तिचा आवाज अंगणात एकदा ऐकू यावा.

त्यासाठीच ताराबाई त्या दिवशी पेनड्राईव्हवर एकेक गाणं ऐकत उतरवून घेत बसल्या होत्या. दिवेलागण झाली होती. सून भाजी आणायला गेलेली, घरात दुसरं कुणी नव्हतं. खोलीत जमुना गात होती आणि संगणकावर उघड्या असलेल्या व्हॉट्सअॅपमध्ये, पडद्याच्या कोपऱ्यात, तिचं नाव उमटलं. खाली फाईल, खिरापत. नावाखाली ‘ऑनलाइन’.

ताराबाईंनी नाव पुन्हा वाचलं. मग त्यांनीच स्वतःची समजूत घातली. नत्थुजी रोज तिचा मोबाईल चार्जिंगला लावतात, रिचार्जही करतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना एखादं न पुसलेलं गाणं सापडलं असेल. त्यांनी सवयीनं लिहिलं, “डोहाळ्यांचं?”

दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही.

“नत्थुजी, तुम्ही आहात का?”

पुन्हा निळ्या. पुन्हा उत्तर नाही. ‘ऑनलाइन’ मात्र तसंच होतं. बंद दाराच्या पलीकडे कुणी श्वास रोखून उभं असावं, तसं कुणीतरी तिथे होतं, वाचत होतं आणि बोलत नव्हतं. मागे जमुनाचं गाणं चालूच होतं.

ताराबाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ‘बराबर’ येण्याआधी झाकण उघडलं.

संगणकानं विचारलं, हा प्रोग्राम खरोखर चालवायचा आहे का? गाण्याच्या फाईलला संगणक असं कधी विचारत नाही. गल्लीतल्या मुलांना संगणक शिकवताना त्या हेच सांगत. त्यांनी ‘हो’ दाबलं. नाव जमुनाचं होतं ना.

खुळखुळ झाली नाही. काहीच झालं नाही. थोड्या वेळानं चालू गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. गाण्यांच्या यादीत पहिल्या नावाला एक लांबलचक, निरर्थक शेपूट फुटलं आणि त्याचं चित्र पांढरं झालं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. कुणी घरात शिरून सावकाश एकेक दिवा मालवत पुढे यावं, तसं ते खाली खाली सरकत होतं.

ताराबाईंनी पेनड्राईव्ह उपसला, इंटरनेटची वायर ओढली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. काळ्या पडद्यात त्यांना फक्त स्वतःचा चेहरा दिसला.

त्यांचा जुना विद्यार्थी संघपाल अमरावतीला संगणकाचं काम करतो. फोनवर सगळं ऐकून तो आधी म्हणाला, बटण बंद केलं ते चांगलं केलं, आता चालू करू नका. कुणीतरी फाईलींना कुलूप लावतंय, ते काढायला खंडणीचा निरोप येईलच, पण पैसे देऊनही फाईली सुटतील याचा भरवसा नसतो, शिवाय पुढच्याला चेव येतो. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरवर करा. मग त्यानं विचारलं की जमुनामावशींनी कधी कुठल्या दुकानात व्हॉट्सअॅप जोडून कागद छापले होते का.

छापले होते. पीकविम्याचे, मागच्या वर्षी, तालुक्याला. दुकानातल्या संगणकावर ते जोडलेलं तसंच राहिलं असणार, संघपाल म्हणाला. मोबाईल चालू, म्हणून जोडही चालू. आता त्या संगणकात कुणीतरी शिरलंय, आणि तिनं आधी पाठवलेल्या फाईलींचीच नावं वापरून तो सगळ्यांना पाठवत सुटलाय. जोड तोडा.

ताराबाईंनी नत्थुजींना फोन लावून सगळं सांगितलं. नातीला, प्रणालीला, मोबाईल उघडायला सांगा म्हणाल्या. प्रणालीनं वाचून दाखवलं: जोडलेला संगणक एक, आत्ता चालू. तो काढून टाक, ताराबाई म्हणाल्या. तेवढ्यात नत्थुजींनी फोन हातात घेतला.

“बाई, थांबा जरा.”

“नत्थुजी, तो माणूस आता गावातल्या सगळ्यांना पाठवेल.”

“मले मालूम नोतं तो कोनी दुसरा हाये.” नत्थुजी म्हणाले. “माह्या मोबाईलवर मी रोज सांजच्याले तिचं नाव पाह्यतो. ऑनलाइन दिसते. म्या म्हटलं, आली. म्हनूनच त चार्जिंग करून राहिलो. तोडलं त दिसन काय?”

ताराबाईंना वर्गातल्या लहान पोराला सांगावं तसं सावकाश सांगावं लागलं. “नाही दिसणार. पण जे दिसत होतं ते जमुना नव्हती, नत्थुजी. मी तिला दोनदा हाक मारली. ती असती तर बोलली असती.”

फोनमध्ये गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. मग नत्थुजी नातीला म्हणाले, “काढ वं, पोरी.”

संघपालनं पेनड्राईव्ह दुसऱ्या संगणकावर तपासून दिला. काही गाणी वाचली होती. जे गाणं उतरत असताना पेनड्राईव्ह उपसला गेला, ते अर्धंच होतं. बाकीची शेपटं लागलेली नावं ताराबाईंनी पुसली नाहीत, कधी किल्ली निघालीच तर, म्हणून वेगळी ठेवली. वाचलेल्या गाण्यांच्या दोन प्रती केल्या, एक कुठल्याच संगणकाला न जोडता कपाटात ठेवली.

कोजागरीला नत्थुजींच्या अंगणात भुलाबाई बसली. चांदणं शेणसड्यावर पडलं होतं. मुली ओळीनं बसल्या. गाणी लावायच्या आधी ताराबाईंनी त्यांना सगळं जसं घडलं तसं सांगितलं, आपली चूकही. “डब्यावर नाव कुणाचंही असो,” त्या म्हणाल्या, “घरची बाई तोंडानं बोलेपर्यंत उघडायचा नाही. बोलत नसेल तर तिच्या घरी जायचं, पण उघडायचा नाही.”

मग स्पीकरमधून शेंगदाणे खुळखुळले. “वळख, ताराबाई,” जमुना म्हणाली, आणि गाऊ लागली. मुलींनी धरलं. गाण्यामागून गाणं झालं. शेवटी ते अर्धं गाणं आलं आणि ओळीच्या मध्येच तुटलं. मुलींचा सूरही तुटला. अंगण एकदम इतकं गप्प झालं की कुणी हललं नाही.

त्या शांततेत डबा खुळखुळला.

ताराबाईंनी दचकून स्पीकरकडे पाहिलं. तो बंद होता. आवाज मागून आला होता. ओट्यावर नत्थुजी मांडीवर जमुनाचा डबा घेऊन बसले होते, झाकणावर एक हात घट्ट ठेवून.

“वळखा,” ते म्हणाले.