शुभहस्ते

उमरठच्या अलीकडे डोंगराच्या पोटात एक वाडी आहे. तिथून मुंबईला गेलेल्यांच्या मंडळाने यंदा ठराव केला की मे महिन्यात गावात संगणक आणि गणिताचा वर्ग घ्यायचा. वर्ग मोफत, वयाची अट नाही. संगणक ओंकारशेठ देणार होते. ओंकारशेठ वाडीचेच, पण पनवेलकडे इमारती बांधत असल्यामुळे गावाला ते शिमग्याच्या पालखीपुरते दिसत.

शिकवायला आम्रपालीला बोलावलं. पोलादपूरची मुलगी. महाडच्या कॉलेजात संगणक विषय घेऊन तिने नुकतीच शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली होती. निकाल लागेपर्यंत घरी बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून सकाळच्या एसटीने ती वाडीवर पोचली.

समाजमंदिरात भिंतीला लागून खोके रचले होते. प्रत्येक खोक्याला सुतळी, सुतळीवर लाल फीत, फितीवर हळदकुंकू. समोर उदबत्ती लावलेली. गावच्या कमिटीचे अध्यक्ष महिपतकाका खोक्यांपुढे खुर्ची टाकून बसले होते.

"हे कधी जोडायचे, काका?" आम्रपालीने विचारलं.

"हात नाय लावायचा. उद्घाटन व्हायचं हाय. शेठ आज यायचे होते, पण अडकलेत. कशेडी घाटात गाड्यांची रांग लागलीय म्हणतात."

"काका, पनवेलहून येताना इकडे पोलादपूरलाच वळायचं. कशेडी त्याच्या पुढे आहे."

महिपतकाकांनी थोडा विचार केला. "मोठी माणसं कुठूनही येतात," ते म्हणाले.

त्या दिवशी आम्रपालीने फळ्यावर संगणक काढला. दुसऱ्या दिवशीही शेठ आले नाहीत, म्हणून तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे कीबोर्ड काढून दिले. मुलं कागदावर बोटं आपटू लागली. माऊस म्हणून एकेकाने घरून अंगाच्या साबणाची वडी आणली. गणित मात्र झोकात चाललं होतं. गणिताला उद्घाटन लागत नाही, हे कमिटीच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

मुलांमध्ये एक राहीबाई होती. नातवंडं मुंबईला, नवरा वारलेला, पण अंगाने काटक. आधार कार्डावर तिचं नाव ‘राहूबाई’ पडलं होतं. तेव्हापासून रेशनच्या दुकानात तिला त्याच नावाने हाक मारत, आणि ती कार्यालयात दुरुस्तीला गेली की तिथला माणूस म्हणे, मशीनमध्ये तसंच आहे. म्हणून मशीन आतून कसं असतं ते बघायला ती आली होती. कागदावर ती रोज ‘आर’वर बोट ठेवायची आणि मान वर करून विचारायची, "उमटलं?"

"कागद आहे, आजी. कसं उमटेल?"

"मंग शिकवतेस कशाला गो?"

आम्रपाली पुढच्या मुलाच्या कागदाकडे वळली. शेठ येत नव्हते, त्यांचा निरोप मात्र रोज यायचा. कधी लग्न, कधी मीटिंग, कधी मंत्र्यांचा दौरा. महिपतकाका रोज धुतलेला सदरा घालून यायचे आणि दुपारी घामाने भिजलेला घेऊन परत जायचे. उदबत्तीची राख खोक्यांवर साचत चालली होती.

एका सकाळी महिपतकाका साखरपुड्याला महाडला गेले, ते आठवडाभर पाहुण्यांकडेच राहणार होते. वर्ग सुरू झाला. पाढे झाले, वजाबाकी झाली. मग आम्रपालीने सवयीने साबणाच्या वड्या काढायला सांगितल्या आणि मुलांनी त्या कुरकुर न करता काढल्या. तिला एकाएकी फार वाईट वाटलं. या मुलांना साबणाची सवय झाली होती.

"आजी," ती म्हणाली, "कोयता आहे का जवळ?"

राहीबाई लाकडं तोडूनच परस्पर आली होती. तिने पुढे होऊन एकेक सुतळी सपासप कापली. फीत मात्र नीट सोडवून घडी करून ठेवली. चांगल्या कापडाची होती.

त्या दिवसापासून वर्गाला खरा रंग चढला. लाईट जायची, यायची. आली की मुलं पाढे अर्धे टाकून संगणकांकडे धावायची. राहीबाईने आपलं नाव बरोबर उमटलेलं पाहिलं. मग पडद्याला बोट लावून बघितलं. नीला नावाची चौथीतली मुलगी चित्रं काढायला शिकली. तिने एक मोठा फणस काढला, खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि संगणक सुरू केला की तोच दिसेल अशी व्यवस्था करून घेतली.

महिपतकाकांना हे कळलं ते महाडहून परत आल्यावर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेव्हा. ते दारातच थबकले आणि मग पायरीवर बसले. आम्रपालीला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांचा आवाज अगदी बारीक निघाला.

"शेठचा फोन होता. रविवारी येतायत, नक्की. हे परत खोक्यात भरता येतील?"

भरता आले. महिपतकाकांनी स्वतः तपकिरी चिकटपट्टी आणली. राहीबाईने फितीला इस्त्री करून दिली. मुख्य काम वेगळंच होतं. रविवारी कुणाला काही येता कामा नये, हे मुलांना शिकवायचं होतं. माऊस दाखवला की आश्चर्य वाटलं पाहिजे. कीबोर्डवर एकाच बोटाने, तेही चुकीचं, दाबायचं. आम्रपालीला शिकवताना लाज वाटत होती, पण काकांचा चेहरा पाहून ती शिकवत राहिली. मुलांना हा धडा सगळ्यात जड गेला.

नीलाने हात वर केला. "मॅडम, नाय येत ते किती नाय येत म्हणून सांगू?"

रविवारी ओंकारशेठ आले. पांढरी गाडी, मागे दुसरी गाडी, तिच्यात फोटोग्राफर आणि एक संगमरवरी पाटी. पाटी एप्रिलमध्येच कोरून ठेवली होती. शेठ मनाने वाईट नव्हते. आल्या आल्या म्हाताऱ्यांच्या पाया पडले, मुलांना खाऊ वाटला. मग फीत कापली, खोका उघडला, मुलांनी ठरल्याप्रमाणे आश्चर्याचा आवाज काढला. तो जरा लवकर निघाला, पण फोटोग्राफरला चालला.

मंडळाच्या पोरांनी संगणक जोडला. शेठनी माईकवर सांगितलं, "आज या वाडीत पहिल्यांदा संगणकाचा उजेड पडतोय," आणि बटण दाबलं.

पडद्यावर फणस आला.

शेठनी वाकून बघितलं. "हे काय आहे?"

"फणस," नीला म्हणाली. फणसही माहीत नाही म्हणून सांगायचं, असं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"कंपनीने फणस का पाठवला? आणि खाली नीला कोण?"

महिपतकाका खांबाला टेकले. आम्रपाली उठली. तिने आवाज न चढवता सगळं सांगितलं. मे महिना अर्धा सरला होता, मुलं साबणाच्या वड्या फिरवत होती, म्हणून आम्ही खोके उघडले. मुलांना आता येतं, मघाशी आश्चर्य दाखवलं ते मी शिकवलं म्हणून.

ओंकारशेठ रागावले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. "ते ठीक आहे हो," ते म्हणाले. "पण मग उद्घाटन कुणी केलं?"

"कुणीच नाही. नुसते सुरू केले."

"असं कसं नुसते सुरू केले?" शेठना हे खरंच कळेना. त्यांनी आयुष्यात पुष्कळ गोष्टी सुरू केल्या होत्या, पण नुसती एकही नाही.

"दोरी मी कापली," राहीबाई मागून म्हणाली. "कोयत्यानं. माझं नाव घाला पायजे तर. पण बरोबर घाला."

मंडळात कुजबुज सुरू झाली. पाटी तर एकाच्याच नावाची होती. आता राहीबाईचं नाव कुठे कोरायचं, वर की खाली, यावर दोन मतं पडली. कुणी म्हणालं, संगणक पुन्हा बंद करून पुन्हा सुरू करावेत. तेवढ्यात महिपतकाकांची नजर भिंतीला टेकलेल्या पाटीवर गेली. त्यांनी ती बोट फिरवत वाचली आणि ताठ उभे राहिले.

"पाटीवर एक मे लिहिलंय," ते म्हणाले. "म्हंजे उद्घाटन एक मेलाच झालं. पोरांनी खोके उघडले ते त्याच्या नंतर. सगळं नियमानं झालंय."

मंडळींनी माना डोलावल्या. हिशेब चोख होता. दगडावर कोरलेली तारीख खोटी कोण म्हणणार? शेठचा चेहरा हळूहळू खुलला. त्यांनी माईक घेतला.

"एक मेला मी इथे उद्घाटन केलं," त्यांनी सुरुवात केली, "तेव्हा या लेकरांना माऊस म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आज बघा." त्यांनी फणसाकडे हात केला. टाळ्या कडाडल्या. आपणही टाळ्या वाजवतो आहोत, हे आम्रपालीच्या जरा उशिरा लक्षात आलं.

भाषण संपताच मंडळाच्या सचिवाने सूचना मांडली. पाऊस तोंडावर आला आहे, संगणक नवेच राहावेत म्हणून कपाटात बंद करावेत, चावी मुंबईला ठेवावी, पुढच्या मे महिन्यात बघू. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. आम्रपालीने तोंड उघडलं, पण महिपतकाका तिच्या आधी माईकजवळ पोचले होते.

"मंडळी, आनंदाची बातमी हाय. वर्ग वर्षभर चालवायचा, दर रविवारी, असं ओंकारशेठनी आताच जाहीर केलेलं हाय."

शेठनी तसं काही जाहीर केलं नव्हतं. त्यांनी चमकून काकांकडे पाहिलं. पण बायाबापड्यांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या, आणि फोटोग्राफरने एवढ्या तत्परतेने कॅमेरा वळवला, की त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

गाड्या गेल्यावर काका आम्रपालीला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले.

"काका, शेठ असं कधी म्हणाले?"

"म्हणतील की. पुढल्या वेळेला येतील तेव्हा म्हणतील."

जूनमध्ये आम्रपालीचा निकाल लागला. ती पास झाली, आणि महाडला एका दुकानात कामालाही लागली. रविवारी ती वाडीवर जाते. शेतीची कामं असली की निम्मी मुलं येत नाहीत, ओल धरून एक संगणक बंदच पडला आहे. नीला भागाकारात अडकते आणि चिडून चित्रं काढायला पळते. आम्रपाली तिला परत ओढून आणते.