ठोक्या, टायर आणि चारशे अकरावा खांब

मी एक जुना ठोक्या आहे, मित्रांनो. पाऊण मीटर लांबीचा जाड लोखंडी नळा, वरचं तोंड बंद, खालचं उघडं, दोन अंगांना दोन मुठी. कुंपणाच्या खांबावर मला टोपीसारखं चढवायचं, उचलायचं आणि आपटायचं, एवढंच माझं शिक्षण. पण गोष्ट माझ्यापासून नको, शेजारच्या केव्ह मल्केहीपासून सुरू करू. कारण त्या वर्षी मी हरलो असतो, तर सर्वांत जास्त कमाई त्याची होती.

त्याला माझ्या मालकिणीची, व्हर्ना पॅस्कोची, खडकाळ टेकडी मिळणार होती, तीन वर्षं शेळ्या चारायला. गावच्या घोड्यांच्या शर्यतीत एकचाकी हातगाडीत बसून मैदानाला फेरी मिळणार होती, आणि गाडी ढकलायची होती व्हर्नाने. शिवाय ही हकीकत पुढची दहा वर्षं दर शर्यतीला रंगवून सांगायचा हक्क. या तिसऱ्या कमाईवर त्याचा फार जीव होता.

माझा जन्म पॅस्कोंच्या पत्र्याच्या शेडमधला. व्हर्नाच्या सासऱ्याने बोअरच्या जुन्या नळाचा तुकडा कापला, एका टोकाला मोडक्या ट्रॅक्टरच्या आसाचा गट्टू बसवून वेल्डिंग केलं, सळया वाकवून मुठी जोडल्या. वजन भरलं अठरा किलो. म्हातारा म्हणाला, "दिसायला गाढव आहे, पण काम घोड्याचं करील." मी ते कौतुक समजलो. तीस वर्षं मी त्या शेतावरचा प्रत्येक पोलादी खांब जमिनीत घातला.

मग केव्हने ट्रॅक्टरला लावायचं खांब ठोकायचं यंत्र आणलं. कळ दाबली की खांब आत. सगळा परगणा भाड्याने तेच नेऊ लागला आणि मला शेडच्या दाराला टेकू म्हणून उभं केलं, तेही उताणं. पावसाचं पाणी पोटात साचलं आणि त्यात एक हिरवा बेडूक राहायला आला. अकरा वर्षं मी बेडकाचा घरमालक होतो, मित्रांनो. त्याने घर कधी झाडलं नाही.

या काळात रानकुत्रे वाढले. टेकडीच्या कुरणात तीनशे मेंढ्या व्यायल्या आणि हाताशी कोकरं उरली एकसष्ट. व्हर्नाचा नवरा लिंडसे म्हणाला, "या खेपेला कुंपण नाही झालं तर मेंढ्या विकून टाकू. मेलेली कोकरं वेचायची ती सकाळची फेरी मला पुन्हा मारवत नाही." तीन बाजूंना जाळी लागली होती. उरली होती केव्हच्या हद्दीवरची बाजू. तिथे निम्मं कुंपण त्याचं, निम्मं यांचं. केव्हची सपाटी यंत्राने तीन दिवसांत झाली. यांच्या वाट्याला टेकडी. तिच्यावर ट्रॅक्टर चढेना.

"खांब किती लागतील?" केव्हने विचारलं.

"चारशे अकरा," व्हर्ना म्हणाली.

"हाताने? अगं, एकसष्ट वर्षांची तू, लिंडसेचा खांदा निखळलेला. पाच आठवड्यांत मेंढ्या व्यायला लागतील."

"मग पाचव्या शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ये. मोजायला."

तिथेच पैज लागली. व्हर्ना हरली तर टेकडी जायची, आणि जो हरेल त्याने दुसऱ्याला हातगाडीत बसवून ढकलायचं. व्हर्ना शेडकडे आली, बेडकाला ओंजळीत धरून अंगणातल्या पाण्याच्या नळाखाली नेऊन ठेवलं आणि मला खांद्यावर घेतलं. अकरा वर्षांनी माझं तोंड खाली झालं. घाण पाणी गळून गेलं आणि मला, खरं सांगतो, पोट हलकं वाटलं.

आमची रीत अशी. खांब आडवा असतानाच मला त्याच्या टोकावर चढवायचं, मग दोघांना मिळून उभं करायचं. खांबाला लांबीभर तीन उभ्या पाकळ्या असतात, एकीला तार ओवायची भोकं. भोकांची पाकळी जाळीच्या बाजूला. आणि उचलताना मूठ हनुवटीच्या वर जाऊ द्यायची नाही. वर गेली तर मी खांबावरून सुटतो, आणि सुटलो की डोकं कुणाचं हे मी पाहत नाही.

पहिल्या दिवशी खांब झाले चार. व्हर्नाच्या तळहातांवर फोड आले सहा. संध्याकाळी लिंडसेने तिचे हात पाहिले आणि तिच्या पावावर लोणी लावून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती माझं ऐकू लागली. मऊ माती लागली की मी 'धप्प' म्हणतो, खांब भेगेत शिरला की 'ठक', अखंड दगड असला की 'ठण्ण'. तीनदा 'ठण्ण' झालं की ती खांब वीतभर सरकवायची, पहारीने भेग शोधायची आणि मग माझ्यावर जोर काढायची. यंत्राला असलं काही ऐकू येत नाही. ते दगडावरही तेवढ्याच हौसेने आपटतं आणि खांबाचं नाक वाकवून ठेवतं. आठवडा संपेपर्यंत आम्ही दिवसाला पंधरावर आलो. मागून लिंडसे एका हाताने पक्कड चालवत जाळी बांधत यायचा.

पाचव्या शुक्रवारी सकाळी चारशे दहा खांब उभे होते. उरला एक, टेकडीच्या पायथ्याशी, लाल मातीत, जिथे आमचं कुंपण केव्हच्या कुंपणाला मिळतं. लोण्यात सुरी जावी अशी जमीन. केव्ह जेवणानंतरच येऊन त्या एका खांबाच्या उरलेल्या फटीपलीकडे गाडीत बसला. व्हर्नाने मात्र मला हात लावला नाही. तिने आपल्या गाडीला एक जुना टायर साखळीने बांधला आणि फटीच्या तोंडापासून कुंपणाच्या कडेने ओढत नेला. आमच्याकडे सगळे जाणते लोक करतात हे. माती सारवल्यासारखी सपाट होते आणि पुढे कोण आलं, कोण गेलं ते तिच्यावर उमटतं. तीन दिवस ती हेच करत होती.

"अंगण कसलं झाडतेस, व्हर्ना? पाहुणे यायचेत का?" केव्ह ओरडला.

"आलेत. काल रात्री एक कुत्रा आत गेलाय. बाहेर आल्याची खूण नाही."

"म्हणजे तुझ्याच टेकडीतला! मी वर्षभर सांगतोय, कुत्रे तुमच्याकडून येतात."

"आणि तू तुझं कुंपण बंद केलंस तेव्हा टायर किती दिवस ओढला होतास?"

"माझ्याकडे कुत्रेच नाहीत, ओढायचं काय?"

लिंडसे खालच्या आवाजात म्हणाला, "व्हर्ना, ठोक तो खांब. कुत्र्याचं नंतर बघू. पैज जाईल."

"कुत्र्याला मेंढ्यांबरोबर आत कोंडून पैज जिंकू? मग तीनशेंचं काय करू, लिंडसे?"

ती आपल्या बिस्किटला, म्हणजे पॅस्कोंच्या राखणीच्या कुत्रीला, घेऊन टेकडीवर गेली. दोघी वरून खाली आरडाओरडा करत, पत्रा बडवत आल्या. ऊन तिरकं झालं. केव्ह गाडीच्या रेडिओवर क्रिकेट ऐकत होता आणि मधून मधून घड्याळ उंच करून, फटीची वाट मोकळी सोडून दूर थांबलेल्या लिंडसेला दाखवत होता. मी खांबाला टेकून उभा होतो. एवढं जड लोखंड, पण त्या घटकेला माझं मन पाचोळ्यासारखं उडत होतं.

सूर्य कुंपणावर टेकला तेव्हा व्हर्ना धापा टाकत फटीपाशी आली आणि वाकली. सारवलेल्या मातीवर ताजे पंजे होते. आतून बाहेर. सरळ केव्हच्या गाडीमागून, तिच्या चाकाच्या खुणेवर पाय देऊन, केव्हच्या शेतात.

"केव्ह," ती म्हणाली, "तुझा कुत्रा घरी गेला."

"कुठला कुत्रा?"

"मागे वळून बघ. मी पैज जिंकेपर्यंत बघत बस."

आणि मला चढवलं! मित्रांनो, तीस वर्षांत मी असा वाजलो नव्हतो. धप्प, धप्प, धप्प! मूठ हनुवटीच्या खाली, एकही घाव वाया नाही. एकविसाव्या घावाला खांब खुणेपर्यंत बसला, लिंडसेने जाळीची शेवटची गाठ पिळली, तेव्हा सूर्याची कड अजून वर होती. बिस्किट उगाचच भुंकून मानकरी झाली.

केव्ह पंजे बघत उभा होता. त्याचं स्वतःचं सुंदर कुंपण, यंत्राने ठोकलेलं, आता चहूबाजूंनी बंद, आणि कुत्रा त्याच्याच शेळ्यांबरोबर आत.

"टायर देऊ का उसना?" व्हर्नाने विचारलं.

"दे," तो म्हणाला. आणि वर, "बिस्किटला पण पाठव."

मित्रांनो, मला आजही उपड्या तोंडाने ठेवतात, म्हणजे पाणी साचत नाही. उचलण्याआधी माझं वेल्डिंग तपासतात. तुमच्याही घरात दाराला टेकू लावलेलं एखादं जुनं अवजार असेल. त्याला आधी सरळ उभं करा, मग पाहा ते काय म्हणतं. आत बेडूक असेल तर त्याला मात्र हळूच काढा.

आता कुणी काय किंमत मोजली ते सांगतो. व्हर्नाने बावीस फोड आणि एक हरवलेली टोपी. लिंडसेने खांद्याचं उरलंसुरलं सुख. मी मुठीजवळ एक चीर. केव्हने कुत्रा सापडेपर्यंत नऊ करडं, आणि शर्यतीच्या दिवशी सगळ्या परगण्यासमोर मैदानाची एक पूर्ण फेरी. हातगाडीत बसली होती व्हर्ना. तिच्या मांडीवर मी होतो, अठरा किलो, आणि माझ्या पोटात गच्च भरल्या होत्या त्या वर्षी कापलेल्या कोकरांच्या शेपट्या. आमच्याकडे प्रत्येक जगलेल्या कोकराची शेपटी कापतात आणि कोकरं शेपट्यांवरूनच मोजतात. मावल्या तेवढ्या माझ्यात, बाकी पोत्यात, आणि पोतंही गाडीतच.

दोनशे चौऱ्याहत्तर. प्रत्येक शेपटीचं वजन केव्हने ढकललं.