लिंबाची चाचणी

मी नऊ वर्षं एकच गाडी बनवली. एकच म्हणजे खरोखर एकच. अंबरनाथच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. विजेवर चालणारी, सहा जणांच्या कुटुंबाची. तिच्यात माझी एक सोय होती: चाकापुढे काहीही आलं, की गाडी जागची हलत नाही. रांगणारं पोर, झोपलेलं मांजर, आमच्या गाडीखाली कोणी येणार नव्हतं.

बदलापूरला, मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीत, बाबांनी नऊ वर्षं पार्किंगची जागा रिकामी ठेवली होती. भिंतीवर ऑइलपेंटने ‘वरदची गाडी’ लिहून. पावसाळ्यात नदीचं पाणी येऊन थांबायचं, नऊ वर्षांत तिथे पार्क झालं ते तेवढंच. दुसरी गाडी घ्या म्हटलं की बाबा म्हणायचे, “तुझी येऊ दे. मला कुठे घाई आहे?” वय चौऱ्याहत्तर, अँजिओप्लास्टी दोन. घाई होती.

मार्चमध्ये एका मोठ्या कंपनीची माणसं गाडी बघायला येणार ठरलं. पसंत पडली तर कारखाना, नाहीतर शेडला कुलूप. आमचे मालक राजेंद्र सर म्हणाले, “पूजा करूनच बाहेर काढायची.” शिवमंदिराजवळचे गुरुजी आले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, सरांनी त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं. आईने डब्यासोबत चार लिंबं दिली होती. ती चार चाकांपुढे मी ठेवली. मीच. उगाच दुसऱ्या कोणाचं नाव यायला नको.

नारळ फुटला. सरांनी गाडी सुरू केली. गाडी बाईच्या गोड आवाजात म्हणाली, “कृपया थांबा. चाकापुढे कोणीतरी आहे.”

“कोण आहे?” सरांनी मला विचारलं.

“लिंबू.”

“बंद कर ते.”

“बंद करायचं बटण नाहीये, सर.”

“का नाहीये?”

“मीच नको म्हणालो होतो. सुरक्षेला बटण नसतं, असं. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.”

“मग लिंबू उचल ना.”

“ठेवलेलं लिंबू उचलत नाहीत,” गुरुजी म्हणाले. “ते चाकाखाली फुटायलाच पाहिजे.”

“रिव्हर्स घेतो.”

“नव्या गाडीचं पहिलं पाऊल मागे?”

सरांनी हात मांडीवर ठेवले.

दोनशे चौदा चाचण्या केल्या होत्या आम्ही. बाहुली, दगड, चप्पल, दोनदा जिवंत कोंबडी. पहिली कोंबडी आम्ही खाल्ली, दुसरी वाचली. लिंबू कोणालाच सुचलं नाही. शेडमधले आम्ही सहाही इंजिनियर अशा घरांतले, जिथे सायकलपुढेसुद्धा लिंबू ठेवतात.

वीस मिनिटं सगळे लिंबांकडे बघत उभे होते. मग गाडी बघायला आलेल्या कंपनीच्या शलाका मॅडमनी शांतपणे विचारलं, “ही गाडी आपल्याकडे कुठल्या शोरूममधून बाहेर पडेल?”

मी विचार केला. “कुठल्याच नाही.”

“लिंबू ओळखायला शिकवता येईल तिला?”

“येईल. पण लिंबू आणि तान्ह्या बाळाची मूठ यांत तिची एकदाही चूक व्हायला नको.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं,” मी म्हणालो. खोटं बोलायला पाहिजे होतं, पण सवय नव्हती.

मॅडमनी चहा चांगला होता म्हणून सांगितलं. मोठी कंपनी चहाचं कौतुक करते तेव्हा समजून जायचं.

सगळे गेले तरी बाबा बेल्ट लावून बसले होते. “सीट छान आहे रे,” ते म्हणाले. “जराशी तरी हलेल का?”

गुरुजीही गेले होते. लिंबं उचलली असती तर चाललं असतं. पण तोवर सरांनी रागाने मेन स्विच पाडून शेडची वीज घालवली होती, आणि गाडीत चार्जिंग पूजेपुरतंच होतं, तेही संपलं होतं.

जूनमध्ये शेडला कुलूप लागलं. गाडी भंगारवाल्याने क्रेनने उचलली. क्रेनला लिंबाचं काही नसतं.

परवा शेजारच्या हरिचंद्रकाकांनी उल्हासनगरहून सेकंडहँड गाडी आणली. पार्किंगची जागा बाबांनीच त्यांना देऊ केली. “रिकामी कशाला ठेवायची?” म्हणाले. भिंतीवरचं माझं नाव मीच घासलं, अर्धं निघालं. लिंबं आईनेच दिली.

काकांनी गाडी पुढे घेतली. चारही लिंबं फुटली, गाडीला कळलंही नाही.

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“बघ,” ते म्हणाले, “जाते की.”