सगळ्यांनी तपासलेली शेगडी

मी एक जुनी शेगडी आहे. थांबा, लगेच स्वयंपाकघराकडे वळू नका. तिथे ओट्यावर ऐसपैस बसलेली, दोन तोंडांची, ती माझी मोठी जाऊ. मी घडीची. तीन पाय मिटले की मुठीत मावते, खाली गॅसचा छोटा डबा फिरवून बसवला की उभी राहते, आणि कोणाच्या तरी पाठीवरच्या पिशवीतून डोंगर चढते. मित्रांनो, माझा जन्म उघड्यावर पाणी उकळण्यासाठी झाला. पण निम्मं आयुष्य माणसांच्या शंका ऐकण्यातच गेलं. त्यामुळे बोलताना माझा आवाज मधूनच चढला, तर समजून घ्या.

एका कारखान्यात माझे पाय वाकवले गेले, गळ्याला आटे पाडले गेले, बाजूला पितळी चावी बसली. पोटात सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं. गॅस तिथूनच येतो. शेवटी एका बाईंनी मला पेटवून पाहिलं, ज्योत निळी आहे ना याची खात्री केली आणि खोक्यात ठेवलं. एकदाच पेटवलं हं त्यांनी. आणि त्यांचा त्या एका वेळेवर विश्वास बसला.

पुढे मी एका दुकानात आले. तंबू, दोर, बूट आणि पिशव्या यांच्यामध्ये काचेच्या कपाटात माझी जागा होती. दुकानाच्या मालकीणबाई शांत स्वभावाच्या. येईल त्याला त्या एवढंच विचारायच्या, "किती जण जाणार? पाठीवर नेणार की गाडीतून? वर थंडी-वारा किती असेल?" साधे प्रश्न होते. पण कोणी सरळ उत्तर देईल तर शपथ! एकाने मला रंग आवडला नाही म्हणून बाजूला सारलं. एकाने विचारलं, "हिच्यावर वीस माणसांचा भात होईल का?" अहो, माझ्या अंगावर एक पातेलं ठेवलं की मी श्वास रोखून उभी राहते, आणि हे वीस माणसांच्या गोष्टी करतात! एका गृहस्थांनी मला हातात तोललं आणि "जड आहे हो" म्हणून परत ठेवलं. त्यांच्या पिशवीतून लोखंडी तवा डोकावत होता.

मग एक दिवस ते कुटुंब आलं.

बाबा लिफ्ट तपासण्याचं काम करायचे. इमारतीतली लिफ्ट नीट चालते का, दोर झिजला नाही ना, हे पाहून सही करायची, ही त्यांची नोकरी. आई औषधांच्या कारखान्यात होती. पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांमधून तडा गेलेली बाटली ती डोळ्याचं पातं लवायच्या आत उचलायची. बाबांची बहीण, म्हणजे घरातली आत्या, बसमधली तिकिटं तपासायची. तीन तपासनीस एका छपराखाली! त्या घरात बाहेर पडताना कुलूप बाबा लावायचे, आई ओढून बघायची, मग आत्या ओढून बघायची, आणि नाक्यापर्यंत गेल्यावर कोणीतरी परत यायचंच. "एकदा बघून घेतलेलं बरं," हे त्या घराचं ब्रीदवाक्य होतं.

या तिघांच्या मध्ये एक मुलगी होती. नुकतीच कॉलेजात गेलेली. जागेवर बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिला मैत्रिणींबरोबर डोंगरावरच्या तळ्यापाशी मुक्कामाला जायचं होतं. घरचे हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. अखेर बाबांनी अट घातली, "आधी आम्हाला घेऊन चल एक रात्र. तंबू तू लावायचा, रांधायचं तू. नीट झालं तर जा."

आणि सुरू झाली शेगडीची निवड! मित्रांनो, लग्नाची स्थळंसुद्धा इतकी पाहत नसतील. दर सुट्टीला हे चौघे दुकानात हजर. बाबांना खोक्यातली, दोन तोंडांची मोठी शेगडी हवी होती, कारण ती हलत नाही. हलणार नाहीच, उचलायलाच दोन माणसं लागतात! आईला आपोआप ठिणगी पडणारी हवी होती. आत्याला रबरी नळीवाली आवडली. तिच्यात डबा बाजूला राहतो आणि पाय पसरट असतात. तसं पाहिलं तर आत्याचं चुकीचं नव्हतं, मोठं पातेलं ठेवायचं तर तीच बरी. पण तिला विचारलं नळी का, तर म्हणाली, "दिसायला भरभक्कम वाटते."

शेवटी मालकीणबाईंनी तोच जुना प्रश्न विचारला, "किती जण जाणार, आणि नेणार कशी?" भिंगरी म्हणाली, "नंतर आम्ही दोघी-तिघी जाऊ. पाठीवर नेणार. चहा, सूप आणि भात, बास." बाईंनी कपाट उघडून मला तिच्या हातात दिलं. थंडीतही चालेल असा गॅसचा डबा दिला. साधा गॅस फार गारठ्यात सुस्तावतो. आणि जाता जाता एक युक्ती सांगितली, "डबा पाण्यात सोडायचा. भरलेला असेल तर खोल बुडतो, संपत आला की वर तरंगतो. कुठवर बुडाला तिथे खूण करून ठेव."

घरी आल्यावर भिंगरीने गच्चीवर सगळ्यांसमोर मला पेटवलं. सुरेख निळी ज्योत. मग बादलीत डबा तरंगवून पाण्याच्या रेषेवर नखाला लावायच्या लाल रंगाने खूण केली, मला मऊ फडक्यात गुंडाळलं आणि फडताळात ठेवलं. झालं, संपलं, पुढची भेट डोंगरावर, असं मला वाटलं. मी किती भोळी!

दुसऱ्याच दिवशी भिंगरी कॉलेजला गेल्यावर आईने मला बाहेर काढलं. "एकदा बघून घेते," असं स्वतःशीच म्हणत तिने खिडकीजवळ माझ्यावर दूध तापवलं. दूध ऊतू गेलं. ते माझ्या बर्नरवर जळलं, आणि आईने तारेच्या चोथ्याने मला असं घासलं की काय सांगू. पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवलं, जसं काही घडलंच नाही.

मग आत्या. तिने बाल्कनीत अंडं उकडलं. ते कच्चं राहिलं असं वाटून दुसरं उकडलं. परवा पुन्हा बघू म्हणाली, आणि खरंच परवा पुन्हा बघितलं.

बाबांची तर कमाल. वाऱ्यात मी टिकते का हे त्यांना पाहायचं होतं, आणि कोणाला कळूही द्यायचं नव्हतं. म्हणून त्यांनी न्हाणीघराचं दार बंद केलं, टेबलपंखा लावला आणि मला पेटवलं. बंद खोलीत! मित्रांनो, हे कधीही करू नका. मी जळताना हवा खाते, आणि कोंडलेल्या जागेत माझा धूर न दिसताही जीव घेऊ शकतो. त्यांना वारा तपासायचा होता, पण स्वतःचा जीव धोक्यात घातलाय हे तपासायचं राहूनच गेलं. नशीब, खिडकीची काच फुटकी होती.

असं बरंच चाललं. प्रत्येक जण गुपचूप, प्रत्येक जण "फक्त एकदा". दुसऱ्याने बघितलं असेल यावर तिघांपैकी एकाचाही विश्वास नव्हता. माझ्याखालचा डबा रोज हलका होत होता आणि मी चरफडण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. शेगडीला तोंड असतं म्हणे. काय उपयोग?

ठरल्या दिवशी चौघं निघाले. ओढ्यापाशी दगडावरून आत्याचा पाय घसरला आणि ती गुडघ्यापर्यंत भिजली. वर मुक्कामाच्या कुरणावर पोचेपर्यंत ऊन उतरलं, वारा सुटला, आत्याचे दात वाजायला लागले. भिंगरीने आधी तिचे ओले मोजे काढून आपले कोरडे जास्तीचे मोजे घातले, तिला झोपायच्या पिशवीत बसवलं, भराभर तंबू उभा केला. मग मोठ्या दगडाच्या आडोशाला मला मांडून पातेल्यात पाणी ठेवलं.

मी पेटले. थोडा वेळ जीव तोडून जळले. मग ज्योत बसली, पिवळी झाली, फुस्स करून गेली. पाणी जेमतेम कोमट झालं होतं.

भिंगरीने पुन्हा काडी ओढली. पुन्हा फुस्स.

"बघ," आई म्हणाली. "म्हणून मी म्हणत होते."

"हे आम्ही सोबत आहोत म्हणून ठीक," बाबा म्हणाले. "एकटी असतीस तर? गॅस आहे की नाही एवढंही बघून घेता येत नाही, आणि निघाली तळ्यावर राहायला."

त्या वेळी मला काय वाटलं ते सांगते. मला बाबांच्या पायावर उडी मारावीशी वाटली. पोरीचा चेहरा उतरला होता, तिची सगळी स्वप्नं त्या कोमट पाण्यात बुडत होती, आणि तिची चूक नाही हे माहीत असलेली मी एकटी, मुकी, तीन पायांवर उभी होते.

 भिंगरीने माझ्याखालचा डबा फिरवून काढला, त्या कोमट पाण्यातच सोडला. डबा बुचासारखा वर आला. लाल खूण पाण्याच्या कितीतरी वर राहिली.

"मी एकदाच पेटवली होती," ती हळूच म्हणाली. "तुमच्यासमोर. त्यानंतर ही खूण केली. मग गॅस कुठे गेला?"

बाबांनी आईकडे पाहिलं, आईने पिशवीतल्या आत्याकडे. 

"मी एक अंडं उकडलं होतं," पिशवीतून आत्याचा आवाज आला.

"एकच?"

"पहिल्या वेळी दोन."

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "मी जरासं दूध..." आणि बाबांकडे बघून थांबली. बाबा चष्मा पुसत होते. तो स्वच्छच होता.

"मी वाऱ्याचं बघितलं," ते म्हणाले. "पंखा लावून."

"न्हाणीघरातून येणारा तो वास तुमचा होता?" आई ओरडली. "मी प्लंबर बोलावला होता!"

आत्या आधी हसली. मग सगळेच हसले, भिंगरी सोडून. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "माझ्यावर विश्वास नव्हता तर सरळ नाही म्हणायचं होतंत. बिचाऱ्या शेगडीला कशाला जाळत बसलात?"

हसू थांबलं. सगळ्यांनी पाव आणि केळी खाल्ली, आणि त्या थंडगार जेवणात कोणी एका शब्दानेही खोट काढली नाही. आत्या मात्र रात्रभर त्या कोरड्या मोज्यांत सुखाने घोरली.

त्यानंतर घरात तळ्याचा विषय निघेना. मैत्रिणींचा निघायचा दिवस जवळ आला. भिंगरी विचारत नव्हती, बाबा सांगत नव्हते, मी फडताळात कुढत होते. आणि एका सकाळी बाबांनी मला उचललं. मनात म्हटलं, झालं, आता परत पंखा!

पण ते मला घेऊन दुकानात गेले. त्यांनी नवा डबा मागितला. माझे आटे त्याला जुळतात का हे बघायला मला नेलं होतं. सवय अशी थोडीच जाते? मालकीणबाईंनी डबा पुढे केला आणि काडेपेटी काढली. "लावून बघू ना एकदा?"

बाबांचा हात पुढे झाला. आयुष्यभर लिफ्टचे दोर चाचपलेला तो हात. तो तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि खिशात घातला.

"नको," ते म्हणाले. "ती बघेल."

मित्रांनो, तळ्याकाठी मी पहिल्याच काडीला पेटले. पण माझ्या आयुष्यातला मोठा क्षण विचाराल, तर तो दुकानातला.

आता मी म्हातारी झाले. पाय जरा वाकडे झालेत, चावी कुरकुरते. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिला कोरडी ठेवा, तिच्या बारीक भोकात टाचणी घालू नका, तिला उघड्यावरच पेटवा. तपासायचं तर जरूर तपासा. पण एकाने, एकदा, आणि सगळ्यांना सांगून. मग ज्याच्या हातात ती द्यायची त्याच्या हातात देऊन टाका.

भिंगरी अजून जाते, आणि बाबा अजून दारापर्यंत पोचवायला येतात. काठी टेकत येतात. ती बूट बांधत असताना त्यांचा हात पिशवीच्या त्या कप्प्याकडे जातो, जिथे मी असते. चेनपर्यंत जातो. मी आत श्वास रोखून धरते. मग ते वरूनच मला हळूच थोपटतात आणि म्हणतात, "नीट जा गं."