पाऊण तासाचं गाव

भगवंतरावांनी बोटाने नकाशा सरकवला आणि मोबाइल तुळशीरामच्या हातात दिला.

"हे मुंबई. अन् हे डब्लिन. साडेसात हजार किलोमीटर, भाऊजी! मधात इमान बदलायचं, सारे मिळून चौदा तास. पोरीले तिकडं ताप आला तं कोन जाईन?"

तुळशीराम खामगावच्या एका तेलगिरणीत कामाला होता. मुंबईपलीकडे त्याने काही पाहिलं नव्हतं. तो त्या वाकड्या निळ्या रेघेकडे बघत राहिला.

"मामा, मी नर्स हावो," प्रतीक्षा म्हणाली. "ताप आला तं गोळी घेईन." चार दिवसांनी तिचं विमान होतं. डब्लिनच्या दवाखान्यातलं नेमणुकीचं पत्र तिने मांडीवर धरलं होतं.

भगवंतराव बहिणीकडे वळले. "विमल, तू तरी समजाव. पिंपळगाव राजाचं स्थळ हाय. घरची शेती, पोरगा निर्व्यसनी. इथून एसटीनं पाऊण तास. डोळ्यासमोर राहीन पोरगी."

विमलबाई तूरडाळ निवडत होत्या. सुपातला हात थांबला.

"थोरलीले बी पिंपळगावलेच दिली न, दादा. पुष्पाच्या वक्ती बी तुमी पाऊण तासच सांगतला होता."

"मंग?"

"तीन वर्षं झाले, तिले माहेरी पाठवलं नाही त्याईनं. तिचा फोन बी सासूजवळ. मी दोनदा गेली. दोनदा अंगणातूनच वापस."

"त्याईचं घर हाय ते. आपुन काय करू शकतो?"

विमलबाईंनी सूप भिंतीला टेकवलं, डोक्यावर पदर घेतला आणि चपला पायांत सरकवल्या.

"कुठं चालली?"

"पुष्पाले आनाले."

"त्याईले न इचारता? भांडन होईन!"

"होऊ द्या."

प्रतीक्षा उठली. "आई, मी येतो."

"तू बॅग भर."

तुळशीरामने मोबाइल भगवंतरावांना परत दिला. त्याने खुंटीवरचा सदरा काढला आणि बायकोच्या मागे निघाला.

पिंपळगावला सासू दारातच उभी होती. पुष्पा कामात आहे, म्हणाली. विमलबाई ओट्यावर बसल्या. तुळशीराम शेजारी बसला. शेजारणी दारादारांत येऊन उभ्या राहिल्या. सासूने चहा पाठवला. कुणी कपाला हात लावला नाही. आतून जावयाचा चढलेला आवाज आला, मग थांबला. ऊन ओट्यावरून खाली उतरलं.

बऱ्याच वेळाने दाराआडून चारेक वर्षांची एक मुलगी बाहेर आली. हनुवटी थेट पुष्पाची. ती दोघांकडे बघत राहिली.

"तुमी कोन?"

तुळशीरामने मान फिरवली. विमलबाईंनी तिच्या फ्रॉकचं उघडं बटण लावलं.

"तुह्या मायले सांग," त्या आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "खामगावची गाडी सहा वाजता हाय. तुहे बी कपडे घे म्हनाव."