अडखळणारी बस

आमच्या घरात विजेचं मीटर नऊशे वॅटचं. इस्त्री चालू असली की भाताचा कुकर बंद ठेवायचा, कुकर लावला की इस्त्री बंद, आणि यातलं एक चालू असताना कुणी न्हाणीघरात नळ सोडला तर पंप सुरू होऊन खटकन सगळं घर अंधारात. मादियुन शहरातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांचं असंच आहे, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मी लोकांचे कपडे किलोच्या भावाने इस्त्री करून देते, त्यामुळे माझा अख्खा दिवस त्या खटक्याच्या धाकात जातो. आणि त्यात आमच्या ह्यांना कम्प्युटरचा वेग वाढवून हवा होता.

हे म्हणजे गुनार्दी. सव्वीस वर्षं सुराबाया ते जोग्या बस चालवली. रात्रीची गाडी, पहाटेची गाडी, ईदच्या गर्दीतली गाडी, सगळ्या चालवल्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय थोडाफार परत आला, डावा हात काही आला नाही. कंपनीने भिंतीवरचं घड्याळ आणि जेवणाचा डबा देऊन घरी पाठवलं. त्यानंतर हा माणूस अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला शिव्या द्यायचा. मी म्हटलं, झालं, आता जन्मभर हेच ऐकायचं.

आमची लेक लारास लग्न होऊन बालिकपापानला गेली, जाताना तिचा गेम खेळायचा कम्प्युटर इथेच ठेवून गेली. मग जावयाने कुठूनतरी जुनं स्टिअरिंग आणि पायाखालची पेडलं पाठवली. बसचा एक गेम आहे, त्यात आपल्याकडचे खरे रस्ते घातलेत. मोजोकेर्तोचा पूल, जोंबांगचा बाजार, सारादानचं सागाचं जंगल, सगळं जसंच्या तसं. एका हाताने, एका पायाने हे पुन्हा ड्रायव्हर झाले. खरं सांगते, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दर रविवारी सकाळी वीस-पंचवीस जण मिळून बसचा ताफा काढतात. जो तो आपापल्या घरी, आपापल्या कम्प्युटरवर, पण रस्ता एकच. तिथे सगळे एकमेकांना ‘ओम’, म्हणजे काका, म्हणतात, अठराचा असो की साठचा. बहुतेक बसवेडी पोरं, खरी बस हाकलेले एकटे आमचे हे. ‘ओम गुनार्दी, इथे ब्रेक कधी मारायचा? ओम, पावसात हे वळण कसं घ्यायचं?’ पोरं माइकवरून विचारायची आणि ह्यांची छाती फुगायची. सोमवारपासून शनिवारपर्यंत मला ह्यांचे पाय चोळावे लागत, पण रविवारी हा माणूस स्वतः उठून दाढी करायचा.

मग गेमची नवी आवृत्ती आली आणि चित्र अडकायला लागलं. बस दोन हात पुढे जायची, थबकायची, एकदम उडी मारायची. ह्यांनी तीन रविवार कुणा ना कुणाच्या बसला धडक दिली. ताफ्याचा म्होरक्या तेगुह म्हणून एक माणूस आहे, सिदोआर्जोला बँकेत कारकून आहे. तो फार सभ्यपणे म्हणाला, “ओम, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा कम्प्युटर नीट होईपर्यंत थोडे दिवस विश्रांती घ्या. पुढच्या वेळी पुन्हा अपघात झाला तर बाकीचे कुरकुर करतील.”

“ऐकलंस?” हे मला म्हणाले. “या डबड्यापायी मला गाडीवरून उतरवतायत. मला!”

“मग मी काय करू? फुंकर घालू त्याच्यावर?”

“लियाँगकडे जा. विचार त्याला वेग वाढवता येतो का.”

लियाँगचं कम्प्युटरचं दुकान बाजारामागे आहे. सगळे त्याला कोह, म्हणजे दादा, म्हणतात, मीही म्हणते; तो मला बू म्हणतो, म्हणजे बाई. तोंडाळ माणूस आहे, पण लबाड नाही. मी तो पेटारा भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मांडीत धरून नेला. त्याने झाकण उघडलं आणि आत बघून शिटीच वाजवली.

“बू, यात काय भात पेरलाय का? ही धूळ बघा. आणि हे काय, धागे?”

“कपड्यांचे असतील.”

“म्हणजे गावाची अर्धी लॉन्ड्री यात आहे.” त्याने फुंकणी लावून सगळं उडवलं, पंखा काढला, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. “नशीब तुमचं. तुमच्या पोरीने बरा प्रोसेसर घेतलाय. याचा वेग वाढवता येतो. सगळ्यांचा येत नाही.”

“मग वाढवा आणि द्या.”

“मी इथे पंख्याखाली वाढवीन, तुमच्या घरच्या उकाड्यात तो उकळेल. घरीच करायला हवं. तुम्ही करा.”

“मी? कोह, मला इस्त्रीचा काटा फिरवता येतो, तेवढंच.”

“हेही तेच आहे. इस्त्री एकदम फुल्लवर ठेवता का रेशमावर? नाही ना? एक घर वर न्यायचं, मग त्याला राबवायचं, तापमान बघत बसायचं. ऐंशीच्या आत राहिला आणि बंद नाही पडला, तर आणखी एक घर. जिथे कुरकुरला तिथून एक घर मागे यायचं आणि तिथेच मुकाट थांबायचं. हाव करायची नाही. आणि एक सांगतो, व्होल्टेज म्हणून एक आकडा दिसेल, त्याला हात लावलात तर माझ्या दुकानात पाय ठेवू नका.”

“आणि जळला तर?”

“व्होल्टेज वाढवलं नाही तर जळत नाही. फार तर रुसून बंद पडेल. नवऱ्यासारखा.”

घरी आणून मी कामाला लागले. चालू करताना एक बटण दाबत राहायचं, मग निळा पडदा येतो, त्यात आकडे. मला अर्ध्या गोष्टी कळत नव्हत्या, पण कोहने दाखवलेला आकडा तेवढा ओळखीचा. एक घर वर नेला. मग त्याला राबवणारा एक प्रोग्राम लावून दिला आणि समोर बसले. कम्प्युटर एवढा राबत असताना इस्त्री लावणं म्हणजे खटक्याला आमंत्रण, म्हणून कपड्यांचे गठ्ठे तसेच. कोपऱ्यातून ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्या तापमानाच्या आकड्याकडे. हे मागे खुर्चीत. पाच-पाच मिनिटांनी तेच.

“किती झालं?”

“पासष्ट.”

“अजून वाढव की.”

“गप्प बसा. कोहने सांगितलंय हाव करायची नाही.”

“मी गिअर टाकायचो तेव्हा कुणाला विचारायचो का?”

“म्हणून क्लच जळायचा आणि पगार कापला जायचा. बसा मुकाट्याने.”

दुसरं घर चढवलं, ठीक. तिसरं चढवलं आणि प्रोग्राम चालू असताना खट्! सगळं बंद.  मेलं, जाळला मी, असं म्हणून मी कपाळावर हात मारून घेतला. मग बघते तर पंखाही बंद, फ्रीजही बंद, आणि न्हाणीघरातून ह्यांचा आवाज, “अगं, पाणी का गेलं?” खुर्चीतून उठून हा माणूस कधी आत गेला आणि नळ सोडला, मला कळलंही नव्हतं. पंप लागला आणि मीटर पडलं. मी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली.

पुन्हा पहिल्यापासून. एकेक घर. तो सबंध आठवडा मी पहाटे इस्त्री करायची, दुपारी कम्प्युटर राबवायचा, त्या वेळात ह्यांना नळाला हात लावू द्यायचा नाही, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांची बोलणी खायची. पाय सुजले. पाठ तर माझी राहिलीच नव्हती. चौथ्या घरावर तो रुसून बंद पडला, म्हणून तिसऱ्यावर परत आले आणि तिथे थांबले. सत्तरच्या वर जात नव्हता. गेम लावून बघितला तर बस लोण्यातून सुरी जावी तशी निघाली.

“विनार्ती,” हे म्हणाले. नावाने हाक त्यांनी किती वर्षांनी मारली असेल कोण जाणे.  

रविवार उजाडला. दाढी झाली, कंपनीचा जुना सदरा मी कडक इस्त्री करून दिला होता तो चढला. मी मागे टोपली घेऊन कपड्यांच्या घड्या घालत बसले, इस्त्रीला अर्थातच सुट्टी. ताफा सुराबायाहून निघाला. काय चालवली म्हणून सांगू! मोजोकेर्तोपर्यंत हे तिसऱ्या नंबरला होते. जोंबांगला पोरांना जुना किस्सा सांगितला, एका नवऱ्या मुलीला तिचे घरचेच स्टँडवर विसरून गेले होते तो. पोरं हसून हसून बेजार. तेगुह म्हणाला, “ओम, आज तुमच्या अंगात वारं शिरलंय.” मला हसू आवरेना.

मग सारादान आलं. जंगलातला वळणाचा रस्ता. डाव्या बाजूच्या पायवाटेवरून एक मोटारसायकलवाला रस्त्यावर यायला लागला. गेममधलाच, खोटा. मला तो लांबूनच दिसला. चित्र कुठेही अडकलं नव्हतं, उडी नाही, थबकणं नाही. मला वाटलं आता ब्रेक मारतील, आता मारतील. ह्यांनी मारला नाही. ते सरळ पुढे बघत होते. मोटारसायकल अगदी बसच्या नाकासमोर आली तेव्हा दचकून त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं आणि बस जाऊन तेगुहच्या बसवर आदळली.

झटका आल्यापासून जेवताना ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलेलं सोयाबीनचं टेंपे ह्यांना दिसत नाही. उजवी बाजू संपली की जेवण झालं म्हणून हात धुतात. मी बोलता बोलता हळूच ताट फिरवते. दोन वर्षं फिरवतेय, त्यांना कधी कळू दिलं नाही. पण रस्ता कसा फिरवणार?

सगळा ताफा थांबला. मग तेगुहचा आवाज आला. “ओम… आज तर काही अडखळत नव्हतं ना? मला तुमची गाडी एकदम सरळ येताना दिसत होती.”

ह्यांनी उजव्या हाताने कम्प्युटर बंद केला आणि जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले. सदरासुद्धा काढला नाही.

त्यानंतर शिव्या बंद झाल्या. कम्प्युटरला नाही, रस्त्यावरच्या ड्रायव्हरांना नाही, मलाही नाही. मी पाय चोळायला बसले की मुकाट चोळून घेत. मी मुद्दाम चहात साखर घातली नाही, तर तसाच पिऊन टाकला. एरवी मी म्हणते, घरात जरा शांतता मिळाली तर किती बरं. डोंबलाची शांतता! शुक्रवारी मला म्हणाले, “विकून टाक तो. कुणा शिकणाऱ्या पोराला होईल.”

“का?”

“चांगला चालतोय म्हणूनच. चांगली किंमत येईल.”

मी कोहला फोन लावला. “मला वेग कमी करायचाय. पहिला होता त्याच्याही खाली.”

“बू, डोकं ठिकाणावर आहे का? एवढी मेहनत केलीत. तापतोय का?”

“नाही.”

“बंद पडतोय?”

“नाही हो.”

“मग कशाला?”

“तुम्हाला काय करायचंय? खाली न्यायचा आकडा तोच ना, एवढंच सांगा.”

 “तोच. खाली नेताना काही भीती नाही.”

हे अंघोळीला गेले तेवढ्यात मी निळा पडदा उघडला. जो आकडा वर नेताना हातापायाला घाम फुटला होता, तो खाली आणायला मिनिटही लागलं नाही. मग ह्यांचा फोन घेतला आणि तेगुहला निरोप बोलून पाठवला, की कम्प्युटर बरा वाटला होता पण आतून बिघडलेलाच आहे, त्या दिवशीही त्यानेच दगा दिला, दुरुस्त होईल असं दिसत नाही. त्याचं उत्तर लगेच आलं. “वाटलंच मला. असू दे, बू. त्यांना सगळ्यात शेवटी चालवू द्या, मागून कुणी येणार नाही. ते नसले की पोरांना करमत नाही.”

रविवारी सकाळी मी कम्प्युटर स्वतः चालू केला. “बसा. ते थांबलेत तुमच्यासाठी.”

“मला नाही जायचं.”

“नाही कसं? पोरं खोळंबलीत. मला अजून नऊ किलो कपडे उरकायचेत, तुमच्या नाकदुऱ्या काढायला वेळ नाही. बसा.”

बसले. दाढी नाही, सदरा नाही, बनियनवरच. सुराबायाच्या स्टँडमधून बस बाहेर पडली आणि दुसऱ्याच चौकात अडखळली. थबकली, उडी मारली, पुन्हा थबकली. हे पुढे झुकले. पडद्याकडे बघत राहिले. मी घडी घालायचं सोडून त्यांच्या पाठीकडे बघत होते. पुढच्या चौकात बस पुन्हा अडकली आणि जाऊन दिव्याच्या खांबावर आदळली.

“हा मेला डबडा!” हे माइकमध्ये ओरडले. “बघितलंत ना रे? आता तुम्हीच सांगा, माणसाने चालवायची तरी कशी?”

पलीकडून सगळी पोरं एकदम हसली. “ओम, सावकाश या!” “ओम, तो भंगारात घाला!” “ओम, आम्ही मोजोकेर्तोला थांबतो!” ह्यांनी आणखी दोन कचकचीत शिव्या हासडल्या, बस मागे घेतली आणि रस्त्याला लावली.

मग माइक बंद केला. मागे वळले नाहीत.

“वेग कमी केलास ना?”

खोटं बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं, पण ऐन वेळी तोंडातून निघेना. “हो,” मी म्हटलं.

“फार तापत होता?”

“हो. फार.”

“बरं केलंस,” हे म्हणाले आणि माइक पुन्हा चालू केला.